दान मोजायचं कसं? जकार्ता ते दिवे घाट

हा सगळा तांदूळ दानाचा आहे. जकार्ता, रमजान संपत आलाय, आणि मशिदीत टेबलामागे बसलेत ना, ते आमिल, फित्रा म्हणजे ईदआधीचं हे दान गोळा करणारे. हिशोब साधा, घरात जेवढी माणसं तेवढे वाटे, माणशी अडीच किलो, अगदी पाळण्यातल्या बाळाचेसुद्धा! तांदूळ वाहून आणायचा नसेल तर तेवढे पैसे द्या, चालतं. आता हात बघा, देणारा आणि आमिल हात मिळवतात, दुआ होते, वहीत नाव चढतं. ईदच्या नमाजाआधी सगळं गरिबांपर्यंत पोचायला हवं म्हणून ही घाई.

दरवर्षी एक जागतिक सर्वे निघायचा. त्यात लोकांना तीनच प्रश्न, मागच्या महिन्यात अनोळखी माणसाला मदत केली का, संस्थेला पैसे दिले का, कुठे फुकट काम केलं का. त्यात 2018 ला इंडोनेशिया पहिला, मग 2021 ते 2024 सलग पहिला, 2024 मध्ये तर तिथल्या दहातल्या नऊ जणांनी पैसे दिले होते.

हे म्यानमार, अमरपुरा. भिक्खूंना दुपारी बारानंतर जेवण नाही, त्यामुळे त्याआधी ही रांग लागते, आणि वाढणारे बघा, कुणीही श्रीमंत दिसत नाही. पण त्याच सर्वेत 2014 ला पहिल्या नंबरावर हा देश अमेरिकेच्या बरोबरीने होता, पुढची तीन वर्षं एकटाच. नुसते डॉलर मोजले तर अमेरिकेच्या जवळपास कोणी येत नाही, 2023 मध्ये 500 अब्जांच्या वर.

लंडनचं चॅरिटी शॉप. जुन्या कपड्यांच्या पिशवीवर 'गिफ्ट एड' या सरकारी योजनेचं स्टिकर लावलं की ते विकून आलेल्या दर 100 पाउंडांवर सरकार संस्थेला अजून 25 देतं, देणारा टॅक्स भरणारा हवा एवढंच.

आणि हा आपला दिवे घाट, मग सासवड. पिठलं-भाकरी वाढणाऱ्या या मावशींना विचारा, महिन्याभरात दान केलंत का? त्या नाहीच म्हणणार, त्यांच्या लेखी ही माउलींची सेवा, पावती नाही, संस्था नाही. शेजारी एकजण फुकट दाढी करतोय, एकजण तुटलेल्या चपला शिवतोय, आणि तो पोरगा, त्याने घरातून वायर ओढून वारकऱ्यांसाठी मोबाईल चार्जिंगचा बोर्ड लावलाय, लाईटबिल बापाच्या नावावर.