हातांनी आडून बोलायचं

श्रोतेहो, नमस्कार.

‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपल्या घराघरांत मुरलेली. प्रशांत महासागरातल्या टोंगा या चिमुकल्या राज्यात मात्र कविता आणि नाच दोन्ही याच युक्तीवर उभे आहेत. तिथे तिला म्हणतात ‘हेलिआकी’. नाव फुलाचं घ्यायचं, रोख एखाद्या सरदार घराण्यावर ठेवायचा.

टोंगाचा सर्वांत मानाचा नाच ‘लाकालाका’. कधी कधी शेकडो माणसं रांगा धरून उभी राहतात, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. पाय फारसे जागा सोडत नाहीत. सगळी करामत हातांची, मनगटांची आणि मान झटकन कलती करण्याची. गाणं एकच, पण पुरुषांचे हात जोरकस, बायकांचे अलवार. म्हणजे एका वेळी दोन नाच! आणि भरतनाट्यम बघितलेल्या माणसाची इथे फसगत होते. फुलाचा शब्द आला की फुलाची मुद्रा दिसेल, असं आपण धरून चालतो. इथे हातसुद्धा आडूनच बोलतात. वंशावळी आणि गावांच्या कथा ठाऊक असलेल्यालाच खरी खूण पटते.

गीत, चाल आणि हालचाली रचणारा कवी म्हणजे ‘पुनाके’. १९१८ ते १९६५ राज्य करणारी राणी सालोते स्वतः नावाजलेली कवयित्री होती. तिची लाकालाका आजही नाचली जातात. गणाशिवाय आपला तमाशा उभा राहत नाही, तशी लाकालाकाची सुरुवात ‘फाकातापू’ने, म्हणजे सरदारांना मान देऊन होते. मधोमध कोणी उभं राहायचं, तेही कुळाच्या मानावर ठरतं. २००३ मध्ये युनेस्कोने या नाचाला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं.

मला स्वतःला मात्र मोह पडतो तो ‘ताउओलुंगा’चा. एकटी मुलगी, खोबरेलाने चकाकणारे खांदे, जुळवलेले गुडघे, चेहऱ्यावर मंद हसू. लोक पुढे येऊन तिच्या अंगावर नोटा चिकटवतात. आपल्याला लावणीतली दौलतजादा आठवेल. पण इथे नातेवाईकही पुढे येतात, आणि कधी हा पैसा चर्चला किंवा शाळेला जातो. तिच्या आजूबाजूला काहीजण मुद्दाम वेड्यावाकड्या उड्या मारतात, ओरडतात. तेवढ्यासाठीच तर ते उतरलेले असतात: त्यांचा धांगडधिंगा बघून नजर परत तिच्या शांत हातांकडे वळावी.