बुखेनवाल्डच्या गेटवरची अक्षरं उलटी का दिसतात?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट कितीतरी जणांनी टाकलीय, "ताई, थंबनेलचा फोटो उलटा झालाय, नीट करा." नाही झाला हो, फोटो बरोबर आहे. आज त्याच्यावरच बोलायचंय.

आधी पटकन माहिती. जर्मनीत वायमार शहराबाहेर एटर्सबर्ग टेकडी आहे, तिथे जुलै १९३७ मध्ये नाझींची बुखेनवाल्ड छळछावणी सुरू झाली आणि ११ एप्रिल १९४५ ला सुटका. इथे आणि हिच्या उपछावण्यांमध्ये मिळून पावणेतीन लाखांच्या वर माणसं कोंडली, ज्यू, कम्युनिस्ट, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे), सोव्हिएत युद्धकैदी, समलिंगी, त्यातली साधारण ५६,००० मेली. आणि "गॅस चेंबर का नाही दाखवलं" विचारणाऱ्यांसाठी, इथे ते नव्हतं. इथे माणसं उपासमारीने, रोगराईने, खाणीत दगड वाहून मेली, आणि सुमारे ८,००० सोव्हिएत युद्धकैद्यांना तर उंची मोजायच्या बहाण्याने भिंतीला उभं करून मागून मानेत गोळी घातली. गॅस चेंबर नव्हतं म्हणजे कमी वाईट, असं प्लीज लिहू नका, मला खरंच त्रास होतो वाचून.

आता गेट. लोखंडी दार, त्यात अक्षरं, 'येडेम दास झाइने', म्हणजे ज्याचं त्याला. मूळ रोमन कायद्यातलं, न्यायाचं तत्त्व आहे हे. बाहेर उभं राहिलं की अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी, कारण ती आतून वाचायची आहेत. आउशवित्झ या दुसऱ्या छळछावणीच्या गेटवरचं 'आर्बाइट माख्ट फ्राय', म्हणजे काम माणसाला मुक्त करतं, ते आत शिरताना वाचता येतं. इथे आत गेल्यावर, दार पाठीमागे लागल्यावर.

अजून नाही पटलं? मग हजेरीचं मैदान डोळ्यासमोर आणा. गेटच्या आत लगेच ते आहे. हजारो कैदी थंडीपावसात तासन्तास उभे, आणि समोर हे दार. तुझी लायकी हीच, तुला मिळतंय ते बरोबरच मिळतंय, हे रोज त्यांच्याकडून वाचून घ्यायचं.

आणि ही अक्षरं रेखाटली कोणी, तर एका कैद्यानेच. फ्रान्झ एर्लिख, कम्युनिस्ट, बाउहाउसचा विद्यार्थी. बाउहाउस म्हणजे १९१९ ला याच वायमारमध्ये सुरू झालेली डिझाइनची शाळा, नाझींना डोळ्यासमोर नको असलेली. एसएसने, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाने, त्याला काम दिलं आणि या माणसाने अक्षरांना वळण दिलं ते बाउहाउसचं. ते वळण पण आतूनच नीट दिसतं. मी त्यातल्या 'एस' या अक्षराकडे किती वेळ बघत उभी होते.

मी गेले जानेवारीत, दीर बरोबर होते, बोटं बधिर झालेली. मैदानात जमिनीत एक स्टीलची प्लेट आहे, १९९५ ची, कैद्यांच्या देशांची नावं कोरलेली. सगळीकडे बर्फ आणि तेवढी प्लेट कोरडी, कारण ती बारा महिने ३७ डिग्रीवर ठेवतात, आपल्या अंगाइतकी. ग्लोव्ह काढून तळवा टेकवला आणि मला तो उचलवेना. दीर शेजारी गुडघ्यावर बसले, त्यांनीही हात ठेवला, काही बोलले नाहीत.

तर ज्या दादांनी फोटो फिरवून, "दुरुस्त" करून पाठवलाय, दादा, मनापासून केलंत, पण मी तो लावणार नाही. जाऊन बघा, वायमारहून बस आहे, आत जायला तिकीट नाही. गेटमधून आत या, दहा पावलं चाला, मग मागे वळा.