देश तसा वेश, पण ओढणी आपलीच

नमस्कार मैत्रिणींनो, आज बोलायचंय बॅग भरण्याबद्दल, आणि तेही इटलीला जाताना. कारण हल्ली ओळखीतल्या तिघीचौघींचे फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, तिकडे काय घालू गं, जीन्स घेऊ का, पंजाबी ड्रेस चालतील का, सगळे आपल्याकडेच बघत बसतील का?

देश तसा वेश म्हणतात ते खरंच आहे, पण त्याचा अर्थ असा नाही की पन्नाशीत पहिल्यांदा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घ्यायचा आणि दहा दिवस तो खाली ओढत फिरायचं. अंगाला सवय नसलेला कपडा लांबूनच ओळखू येतो, बाई अवघडून चालते, सारखं काहीतरी सावरत असते, आणि रोमच्या गर्दीत खिसेकापू नेमकी अशीच बाई हेरतो. आपला चेहरा, आपला रंग काही लपणार नाही आणि लपवायचाही नाही. फक्त आपण नवख्या, गोंधळलेल्या दिसू नये एवढंच बघायचं.

रोममधल्या आपल्या वयाच्या बायका मी नीट बघत होते. साध्या रंगाची सुती नाहीतर लिननची पँट, वर सैलसर शर्ट, पायात चामड्याच्या सपाट चपला, डोळ्याला गॉगल, गळ्यात एखादा स्कार्फ, बस. हे तर आपल्याकडे असतंच की! आपला मांडीपर्यंतचा कुर्ता आणि साधी पँट तिथे अगदी खपून जाते. निळा, काळा, मेंदी, ऑफव्हाइट असे एकमेकांवर चालणारे चार कुर्ते आणि दोन पँटी घ्या, दहा दिवस आरामात निघतात, कारण रात्री बेसिनमध्ये पिळून टाकलेला पातळ सुती कुर्ता उन्हाळ्यात सकाळपर्यंत वाळतो.

आता ओढणी. ही गोष्ट मला मनापासून सांगायचीय. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो, मी, माझी जाऊ आणि दोन मैत्रिणी. व्हॅटिकनला सेंट पीटर्स चर्चच्या रांगेत सव्वा तास उन्हात उभ्या होतो, आणि दाराशी पोचल्यावर तिथल्या माणसाने जाऊबाईंकडे बघून स्वतःच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि मान हलवली. कुर्ता बिनबाह्यांचा होता ना! तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बायकांचेही आणि पुरुषांचेही, हाफ पँटवाल्यांनाही परत पाठवतात. मिलानच्या मोठ्या चर्चमध्येही तेच. जाऊबाईंचे डोळे भरून आले, एवढ्या लांब येऊन दारातून परत जायचं म्हणजे काय. मी पर्समधून माझी महेश्वरी ओढणी काढली, पांढरट, सुती, अडीच मीटरची, दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढे एक सेफ्टी पिन लावली, आणि त्या माणसाने हसून आत सोडलं.

आत गेल्या गेल्या उजव्या हाताला मायकेलअँजेलोची पिएता आहे, मांडीवर मेलेला मुलगा घेऊन बसलेली मेरी. १९७२ साली एका माणसाने तिच्यावर हातोडीचे घाव घातले, तेव्हापासून ती काचेमागे असते. जाऊबाई त्या काचेसमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, अगं, हिच्याही डोक्यावरून पदर आहे. खरंच होता, संगमरवराचा, कपाळावर बारीक चुण्या पडलेला, पाचशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेला, आणि इकडे आमची ओढणी तशीच चुणी पडून त्यांच्या खांद्यावर. मी तो क्षण आयुष्यात विसरणार नाही.

बुटांचं मात्र कडकपणे सांगते. जुन्या रोमच्या गल्ल्यांत काळ्या दगडाचे छोटे छोटे चौकोनी ठोकळे बसवलेत, त्यांना सांपिएत्रिनी म्हणतात, वरून गुळगुळीत आणि मधे फटी. बारीक टाचेची चप्पल त्या फटीत अडकते आणि पाऊस पडला की घसरायला होतं. प्रवासासाठी नवे बूट घेणार असाल तर महिनाभर आधी घ्या आणि रोज सकाळी त्यातच फिरायला जा. साधे, एका रंगाचे घ्या, पांढरे स्पोर्ट्स शूज तिथल्या बायकाही सर्रास घालतात. फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटावर जायचं असेल तर ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा पायाची काळजी आधी, फोटोची नंतर.

बॅगेचंही तसंच. विमानवाले २३ किलो नेऊ देतात म्हणून २३ किलो भरायचंच असं नाही! व्हेनिसमध्ये ४०० हून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, तिथे चाकं काही कामाची नाहीत, बॅग उचलावीच लागते. भरून झाली की ती घेऊन आपल्या बिल्डिंगचे दोन जिने चढून बघा, दम लागला तर बॅगेतले थोडे कपडे कमी करा. प्लास्टिकचा मग तर नेऊच नका, इटलीत १९७५ पासून कायद्यानेच घराच्या बाथरूममध्ये बिडे लागतो, म्हणजे कमोडशेजारचं, बसून धुवायचं नळ लावलेलं बसकं भांडं, हॉटेलांतही बहुतेक असतोच, पाण्याची सोय आपल्यासारखी होते. पाण्याची बाटली मात्र न्या, रोमभर रस्त्यावर नळ आहेत, १८७४ पासूनचे, पाणी गार आणि फुकट.

सोन्याचं बोलू का? तिकडे सोनं बहुतेक १८ कॅरेटचं घालतात, आपलं २२ कॅरेटचं पिवळंधमक लगेच डोळ्यात भरतं. लांब मंगळसूत्र घरी ठेवा, छोटं घाला आणि ते कुर्त्याच्या आत राहू द्या. आणि शिंप्याकडून पँटीला आतून चोरखिसा शिवून घ्या, पासपोर्ट आणि नोटा त्यात. आमच्या टूरवाल्यांनी सगळ्यांना एकसारख्या केशरी टोप्या दिल्या होत्या, मला ते मुळीच पटलं नाही, म्हणजे आम्ही पाहुण्या आहोत हे आख्ख्या शहराला ओरडून सांगितल्यासारखं. त्या टोप्या घालून आम्ही ६४ नंबरच्या बसमध्ये चढलो, स्टेशनपासून व्हॅटिकनकडे जाणारी ही बस पाकीटमारांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि समोर बसलेल्या एका इटालियन आजींनी डोळ्याने खूण केली म्हणून मी खाली बघितलं तर माझ्या पर्सची चेन अर्धी उघडलेली. टोपी तिथेच काढून पिशवीत घातली.

तिकली काढू नका गं. आणि एक हलकी सुती साडी जरूर न्या, एखाद्या संध्याकाळी नेसायला, तेव्हा लोक बघतील, बघू देत, कौतुकाने बघतात. मी फ्लोरेन्सला नेसले होते आणि हॉटेलातल्या बाईने निऱ्या कशा घालतात ते दोनदा करून दाखवायला लावलं.

आणि ओढणी मोठ्या बॅगेत टाकू नका हं, ती हातातल्या पर्समध्येच हवी, दोन सेफ्टी पिना टोचून, कारण चर्चच्या रांगेत आपण उभ्या असतो तेव्हा मोठी बॅग हॉटेलात असते.