चादरीची मागची बाजू

श्रोतेहो, नमस्कार. अंगावर चादर असेल तर तिचं एक टोक उलटवून बघा. सोलापुरी असेल तर मोर मागेही सापडेल, फक्त रंगांची अदलाबदल झालेली.

आमच्या ओळखीच्या एका काकांनी ४० वर्षं जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, डिझाइनं काढली. आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथं सुई आत शिरते नि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. ही युक्ती १८०४च्या सुमाराची, फ्रान्समधली. पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी असेच पुठ्ठे योजले. त्यावर १८४३ साली एडा लव्हलेस यांनी लिहिलं, की माग फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल, पण स्वतः होऊन नवं काही काढण्याचा त्याचा दावा नाही. म्हणजे बघा, कम्प्युटरची सोयरीक आधी मागाशी जुळली, पुण्या-बंगळुरूचं नंतर!

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र पुठ्ठ्याच्या बरीच पुढं गेलीय. तिला भोकं कुणी पाडून देत नाही. कोट्यवधी चित्रं नि त्यांखालच्या ओळी चाळून 'मोर' म्हटल्यावर काय दिसायला हवं, याचा ठोकताळा ती बांधते आणि विस्कटलेल्या ठिपक्यांतून पायरीपायरीनं चित्र साफ करत आणते.

असा एक मोर मी मोबाइलवर काढून घेतला नि काकांपुढं धरला. खोटं कशाला बोलू, मला तो काकांच्या मोरापेक्षा आवडला होता.

काकांनी चष्मा पुसला. "पिसारा झकास आहे. पण रंग किती रे हे? एवढ्या रंगांच्या धाग्यांचे धोटे मागावर ठेवू कुठं? आणि मान बघ की किती बारीक. दोन धुण्यांत सूत आटलं की बगळा होतोय याचा."

हे काकांनी कुठं लिहून ठेवलेलं नाही. आटलेल्या चादरीतून थंडीत त्यांचे स्वतःचे पाय बाहेर राहिलेत.

"आणि मागची बाजू?" म्हणत त्यांनी सवयीनं मोबाइल उलटा केला. कव्हरमध्ये माझी वीसची नोट होती. काकांनी ती काढली नि दोन चहा सांगितले.