ज्योतीला लागणारी हवा

श्रोतेहो, शेगडीचा विषय निघाला की आपण गॅसबद्दल बोलतो. मी आज बोलणार आहे हवेबद्दल, कारण गॅस एकटा जळत नाही. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो, सिलिंडरच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन. एक लिटर मिथेन पूर्ण जळायला साधारण १० लिटर हवा लागते, एक लिटर प्रोपेनला तर जवळजवळ २४ लिटर. ही हवा नीट मिळाली की शेगडी चांगली चालते. अपघात होतात ते बहुधा हवा कमी पडल्याने, नाहीतर नको तिथे गॅस हवेत मिसळल्याने.

नॉब फिरवला की जेटच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीच्या, बारीक भोकातून गॅस वेगाने सुटतो आणि बर्नरच्या नळीत शिरता शिरता भोवतालची हवा सोबत ओढून नेतो. पेटण्याआधीच दोन्ही मिसळतात. उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते. १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडलबर्गला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांच्यासाठी उपकरणं बनवणाऱ्या पीटर डेसागा यांनी प्रयोगशाळेतला जो बर्नर घडवला, तोही याच तत्त्वावर चालतो. हवा न मिसळता पेटवलेली ज्योत पिवळी असते. त्यात कार्बनचे कण पुरते न जळता तापून चमकतात, आणि तेच भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात.

म्हणून स्वयंपाकाला उभं राहिल्यावर आधी ज्योतीकडे बघा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. निळी, स्थिर, प्रत्येक भोकातून सारखी उठणारी ज्योत हवी. मधूनच नारिंगी ठिणगी चमकली तर घाबरू नका, मिठाचा किंवा धुळीचा कण जळला असेल. पण टोकं सतत पिवळी राहात असतील, तर हवेची वाट कुठेतरी अडली आहे. उतू गेलेलं भोकांत वाळून बसलेलं असतं, धुतलेला बर्नर ओला असतानाच बसवलेला असतो, त्याची टोपी तिरकी असते, नाहीतर नळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलेलं असतं. बर्नरची भोकं टाचणीने मोकळी करता येतात. जेटमध्ये मात्र तार घालू नका. ते भोक किंचित मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि हवेचा हिशेब चुकतो. प्रोपेनमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूच्या, म्हणजे पाइपच्या गॅसच्या, सुमारे अडीचपट ऊर्जा असते, त्यामुळे सिलिंडरवरच्या शेगडीचं जेट मुळातच लहान असतं. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर जाताना, किंवा उलट, जेट बदलावंच लागतं, आणि ते काम जाणकार मेकॅनिकचं आहे.

पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. निळी ज्योत असली तरी तिच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, तो श्वसनमार्गाला त्रास देतो. तेव्हा शेगडी चालू असताना खिडकी उघडी ठेवा किंवा धूर बाहेर टाकणारा पंखा लावा. आणि खोली उबदार करण्यासाठी शेगडी कधीही पेटती ठेवू नका.

गॅस वाचवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती उष्णता वाया जाते. पाणी उकळल्यावर आच कितीही वाढवली तरी ते अधिक तापत नाही, फक्त जास्त वाफ होते. ३० अंशांवरचं एक किलो पाणी उकळीला आणायला सुमारे २९० किलोजूल लागतात, तेच सगळं वाफ करायला २,२६०. उकळी आली की आच मंद करा, झाकण ठेवा.

आता गळतीकडे येतो. हवेत सिलिंडरचा गॅस साधारण २ ते ९ टक्के असला की एक ठिणगी पुरते. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, जमिनीलगत साचतो. पाइपमधला नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. दोन्हींना स्वतःचा वास नसतो. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला वायू साचून भीषण स्फोट झाला, आणि त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचं द्रव्य मिसळण्याची सक्ती वाढत गेली. असा वास आला तर हात आधी पंख्याच्या बटणाकडे जातो. तो आवरा. कुठलंच बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, बाहेर पडा, फोन बाहेरूनच करा. रबरी नळीची तपासणी साबणाच्या पाण्याने करा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी पेटवून बघणं हा शुद्ध आत्मघात आहे.

तेलाने पेट घेतला तर तिथे हवा तोडायची. गॅस बंद करा, धातूचं झाकण सरकवून ठेवा, भांडं हलवू नका. पाणी मुळीच नको, त्याची तत्क्षणी सुमारे १,७०० पट आकारमानाची वाफ होते आणि जळतं तेल चौफेर उडतं.

एका ताईंनी विचारलं आहे, नव्या शेगडीचा नॉब सोडला की ज्योत विझते, ती बिघडली का? बहुतेक वेळा नाही. ज्योतीजवळ जी बारीक दांडी दिसते ती थर्मोकपल. ती तापली की अगदी थोडी वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. वाऱ्याने ज्योत विझली तर दांडी गार होते आणि झडप आपोआप मिटते. म्हणून पेटवल्यावर नॉब काही सेकंद दाबून धरा. तरीही विझत असेल तर दांडीचं टोक पुसा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ती बदलून घ्या. ती काढून टाकून शेगडी थेट चालवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला शेगडीला हात लावू देऊ नका.