नवी विंडोज आणि आपली अक्षरं

(ठाण्यातल्या वाचकांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. हल्ली सोसायटीच्या लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, जो भेटेल तो मला एकच विचारतो. "विंडोज १० बंद झालं म्हणे. आता आमच्या कॉम्प्युटरचं काय करायचं?" खरी गोष्ट अशी आहे की १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली. म्हणून त्या दिवशी कोणाचं मशीन बंद पडलं नाही. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट्स मिळतात. विंडोज ११ वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे अगदी ठणठणीत चालणारी मशीनही त्यात बसत नाहीत. एवढं तुम्हाला गोखले रोडवरचा कुठलाही दुकानदार सांगेल. त्याच्यासाठी माझं भाषण ठेवायची गरज नव्हती.

मला बोलायचंय ते आपल्या मराठी मजकुराबद्दल. मी नौपाड्यात अक्षरजुळणीचं काम करत आले. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह आणि वर्षातले चार महिने दिवाळी अंक. विंडोज ९५, ९८, एक्सपी ही सगळी स्थित्यंतरं मी कामाच्या टेबलावर बसून पाहिली. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की लोक विचारतात, वेग वाढला का, दिसते कशी, गेम चालतात का. मराठीत लिहिणाऱ्या माणसाने आधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा: माझी अक्षरं या मशीनला अक्षरं म्हणून कळतात का? आणि जुन्या मशीनवर लिहिलेलं सगळं माझ्याबरोबर नव्यावर येणार आहे का?

हा प्रश्न कुठून आला ते सांगते. विंडोज ९८ च्या काळात आमचा संसार म्हणजे पेजमेकर हा पानं मांडायचा प्रोग्राम, मराठी फॉन्टचं पॅकेज आणि मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं डोंगल. डोंगल म्हणजे कुलूप. ते लावलेलं नसेल तर मराठी सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. पडद्यावर सुंदर मराठी दिसायचं, छापूनही सुंदर यायचं. पण मशीनच्या लेखी ते मराठी नव्हतंच. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठीची चित्रं बसवलेली असायची. जागा जेमतेम २५६, आणि त्यातल्याही सगळ्या वापरता येत नसत. तेवढ्यात अख्खी बाराखडी, अर्धी अक्षरं, रफार, उकार, जोडाक्षरं कोंबायची. कोणती खूण कुठे ठेवायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. तुम्ही 'ठाणे' लिहिलंत तरी फाईलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची एक माळ. फॉन्ट जागेवर असेल तोवर ती 'ठाणे' दिसणार. फॉन्ट काढला की नुसता कचरा.

म्हणून तर लोक फ्लॉपी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "ताई, घरी उघडली तर काहीतरी भलतंच दिसतंय." बिघडलेलं काहीच नसायचं, त्यांच्या घरच्या मशीनवर तो फॉन्ट नसायचा. मग आम्ही फ्लॉपीवर मजकुराबरोबर फॉन्टची फाईलही टाकून द्यायला लागलो.

आणखी एक अडचण होती, तिच्याकडे फार कोणाचं लक्ष जात नसे. एका ग्रंथालयाची पुस्तकांची यादी आम्ही टाईप केली होती. लेखकांच्या नावांप्रमाणे लावून द्या म्हणाले. मशीनला सांगितलं, लाव. त्याने लावली, इंग्रजी खुणांच्या क्रमाने. 'अ' कुठेतरी मध्येच, 'क' च्या आधी 'म', आणि जोडाक्षराने सुरू होणारी नावं पार शेवटी. पुढची सगळी यादी आम्ही हाताने लावली. तेव्हा मला नीट उमगलं की या मशीनकडे आपली वर्णमालाच नाही.

ती आली विंडोज २००० मध्ये, १७ फेब्रुवारी २००० ला. देवनागरी स्वतःहून समजणारी ही पहिली विंडोज. युनिकोड या जागतिक प्रमाणाने देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिलेला आहे. त्यात 'क' म्हणजे 'क'च, कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही फॉन्टमध्ये. विंडोजबरोबर जो मंगल फॉन्ट आला त्याची अक्षरं रेखाटली र. कृ. जोशींनी. सुलेखनकार, अक्षररचनाकार, शिक्षक आणि मराठीतले कवी. जगभरच्या कोट्यवधी मशीनवर आपली लिपी पोचली ती एका मराठी कवीच्या हातची, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. शाळेच्या पुस्तकात ती असायला हवी.

घराघरांत मात्र विंडोज २००० फारशी गेली नाही. लोकांपर्यंत हा बदल पोचला तो एक्सपीतून. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला आली, पण आपल्याकडे ९८ बरीच वर्षं ठाण मांडून होती. आमच्याकडे बदल झाला २००५ च्या सुमारास, आणि तोही दिवाळी अंक हातावेगळे झाल्यावर. दिवाळीच्या तोंडावर चालू मशीनला हात लावायचा नाही, हा डीटीपीवाल्यांचा, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणाऱ्यांचा, अलिखित नियम.

एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची, १२८ असलेली बरी. म्हणजे आधी रॅमचा खर्च. त्यात ठाण्यात भारनियमनाचे दिवस. इन्स्टॉलेशन चालू असताना पडद्याच्या डाव्या बाजूला आकडा दिसायचा, "सुमारे ३९ मिनिटं बाकी". वीज कधी जाते याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं, ते बघूनच सीडी घालायची. आमचा यूपीएस काही ३९ मिनिटं पुरणारा नव्हता.

आणि "फॉरमॅट मारून देतो" म्हणणारे दुकानदार. हे वाक्य फार हलक्याने बोललं जायचं. ९८ वर बहुतेकांचा सगळा मजकूर सी ड्राईव्हवरच असायचा, आणि फॉरमॅट म्हणजे तीच पाटी पुसणं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं वडिलांवर लिहिलेलं आठवणींचं हस्तलिखित असंच गेलं. दुकानदाराने विचारलं नाही आणि त्यांना सांगायचं सुचलं नाही. दुसरी प्रत नव्हती.

आमचं पहिलं कोडं होतं डोंगल. ९८ मध्ये कुठलाही प्रोग्राम प्रिंटरच्या पोर्टशी थेट बोलू शकायचा. एक्सपी एनटी या विंडोजच्या वेगळ्या घराण्यातली, तिथे मध्ये ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या वस्तूशी बोलणारा छोटा प्रोग्राम, असल्याशिवाय पोर्टला हात लावता येत नाही. जुन्या डोंगलला तसा ड्रायव्हर नव्हता. कंपनीला फोन केला तर नवी आवृत्ती विकत घ्या म्हणाले. म्हणून आम्ही एक मशीन ९८ वरच ठेवलं आणि एकावर एक्सपी घेतली. ही दोन मशीन पुढे किती उपयोगी पडणार होती ते तेव्हा कळलं नव्हतं.

एक्सपी आली म्हणजे मराठी आली असंही नव्हतं. मराठी त्या सीडीत होती, पण आपणहून चालू होत नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेसचा टॅब, त्यात एक चौकट. गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाईल्स घाला, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. कंसात नाव थाईचं. मराठीचं, हिंदीचं नाव त्या ओळीत नाही. ती चौकट आपल्यासाठी आहे हे कोणाला कळणार? एमएस-सीआयटी केलेल्या कितीतरी मुलामुलींना मी विचारलं, त्यांनी ती कधी उघडलीच नव्हती. टिक केली की सीडी मागणार, मग रीस्टार्ट, मग मराठी कीबोर्ड जोडायचा, आणि डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट दाबलं की भाषा बदलणार.

त्या मशीनवर पहिल्यांदा बसवलं ते कोर्ट नाक्यावर प्रतिज्ञापत्रं टाईप करून देणाऱ्या एका काकांना. आयुष्य मराठी टाईपरायटरवर गेलेलं. बोटं अशी की बघत राहावं. टाईपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी येते. 'निवेदन' लिहायला घेतलं आणि सवयीने वेलांटी आधी दाबली. पडद्यावर वेलांटीशेजारी ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटलं. काका थांबले. मी म्हटलं, "काका, उच्चाराच्या क्रमाने लिहा. आधी न, मग इकार." त्यांनी ते पुसलं, व्हीची कळ दाबली, 'न' आला. मग एफची कळ दाबली, आणि वेलांटी आपली आपण 'न'च्या अलीकडे जाऊन बसली. काकांनी पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाले, "म्हणजे याला कळतंय, ताई."

हो, कळत होतं. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळपाटाची रचनाच तशी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. तुम्ही उच्चाराच्या क्रमाने लिहायचं, मांडणी मशीन करणार. 'क्ष' लिहायचा तर क, हलन्त, ष. फाईलमध्ये तीन खुणा, पडद्यावर एक जोडाक्षर. रफाराचंही तसंच. 'कार्य' लिहिताना र् आधी आणि य नंतर, रफार डोक्यावर आपोआप चढतो. नंतर काकांनी डेस्कटॉपवर एक फोल्डर केला आणि त्याला मराठीत नाव दिलं, 'वारस दाखले'. फोल्डरचं नाव मराठीत! ९८ वर हे होत नव्हतं. त्या दिवशी आमच्या दुकानात जो आला त्याला आम्ही तो फोल्डर दाखवला.

त्यानंतर यादी 'अ'पासून लागायला लागली. शब्द शोधला की सापडायला लागला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला, तो याच पायावर. कुठलाही फॉन्ट उतरवून न घेता कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. उणिवा होत्याच. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, तोवर 'अ'वर चंद्र चढवून भागवायचं.

पण छपाईचा धंदा जागचा हलला नाही, आणि आजच्या अडचणीचं मूळ तिथे आहे. पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच कळली नाही. त्याची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची. आपण ती पुढे वर्षानुवर्षं वापरली. इनडिझाईन या पानं मांडायच्या नव्या प्रोग्राममध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय आली २०१२ च्या सीएस६ मध्ये. म्हणजे मराठीतली कितीतरी पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांची इतिवृत्तं, नाटकांच्या संहिता त्या जुन्या फॉन्टच्या खासगी खुणांमध्ये पडून आहेत. गूगलला ती दिसत नाहीत, अंधांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. आजचं इनडिझाईन पेजमेकरची फाईल उघडतही नाही.

आता विंडोज ११ च्या निमित्ताने घराघरांतली जुनी मशीन भंगारात निघणार आहेत. नवीन मशीन जरूर घ्या. ते परवडत नसेल तर जुन्यावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, त्यातही मराठी उत्तम चालतं. पण भंगारवाल्याला मशीन देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. त्यात पी६५ आणि पीएमडी अशा शेपटीच्या फाईल्स शोधा, त्या पेजमेकरच्या. त्यांच्याबरोबर विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर अख्खा उचलून ठेवा. फॉन्ट हरवला तर मजकुराची किल्लीच हरवली. मूळ फॉन्टचं नाव कळलं तर मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत. मात्र त्यावर विसंबून पाठ फिरवू नका. बदललेला मजकूर रफार, पहिली वेलांटी आणि अर्धी अक्षरं यांपाशी हमखास अडखळतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये त्यांचा क्रमच वेगळा होता. एकाने मूळ छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर बघत जावं. मुद्रितशोधनाची ही जुनी रीत इथे सगळ्यात भरवशाची आहे. पीडीएफ करून ठेवली की झालं असं काहीजण म्हणतात. पीडीएफ जरूर करा, ती डोळ्यांना दिसेल. पण आतली अक्षरं तीच जुनी राहतात, शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

सुरुवात कशाने करायची? ज्याची छापील प्रत नाही, त्याने. छापलेलं पुस्तक कुठल्या तरी ग्रंथालयात मिळेल. मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, न छापलेल्या कविता, घरच्या कोणी लिहिलेल्या आठवणी यांची दुसरी प्रत कुठेच नसते.

आपली फाईल कुठल्या प्रकारची आहे हे घरी तपासता येतं. फाईल उघडा, एक मराठी ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथेही मराठीच दिसली तर ती युनिकोड आहे, दोन ठिकाणी प्रती ठेवा आणि निर्धास्त राहा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली तर मूळ प्रोग्राममध्ये परत जा, फॉन्टच्या खिडकीत जे नाव दिसतंय ते जसंच्या तसं कागदावर उतरवा आणि तो कागद डिस्कलाच चिकटवून ठेवा. आमचं ९८ चं मशीन अजून चालतं. अशा फाईल्स असतील तर घेऊन या, आपण बसून उघडू. आता तुमचे प्रश्न घेऊ.