वरचा प्लग आधी

[मे महिन्याची अखेर. बेळगावच्या उद्यमबागेतलं गॅरेज. खड्ड्यावर उभी जुनी जिप्सी.]

जांबोटी ओलांडली की कणकुंबीकडं आभाळ खाली उतरतं. पाऊस लागला की आतल्या वाड्यांचे रस्ते लाल चिखलात बुडतात, आणि वर्षभर नुसता शोभेला असलेला फोर-बाय-फोरचा दांडा रोज ओढला जातो. म्हणून गाड्या मे महिन्यातच गॅरेजला येतात. इंजिन ऑईल बदला, ब्रेक बघा. ट्रान्सफर केसचं नाव मात्र कुणी काढत नाही.

गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी ही पेटी. तिचं ऑईल वेगळं, बहुतेक गाड्यांत एक ते दोन लिटर.

मिस्त्रीमामा पोराला कानडीत सांगतात, ‘मेलिंदु मोदलु.’ मग मालकाकडं वळून मराठीत, ‘वरचा प्लग आधी. खालचा काढून ऑईल सोडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर भरणार कुठनं?’

[प्लगच्या भोकात बोट.]

गाडी सपाट जागेवर पाहिजे, इंजिन बंद. ऑईल भोकाच्या कडेला लागलं की पातळी बरोबर. बोटाला लागलं नाही तर कुठूनतरी गळत असू शकतं. आणि प्लग काढताच भळाभळा बाहेर आलं तर खूश होऊ नका. पेटी गिअरबॉक्सला थेट जोडलेली असेल, तर मधलं सील जाऊन गिअरबॉक्सचं ऑईल इकडं आलेलं असू शकतं. इथं जास्त, तिथं कमी.

आता रंग. दुधाळ चहासारखं दिसलं की पाणी शिरलंय. चढ चढून तापलेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यात बुडते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरच्या, म्हणजे पेटीला हवा घेऊ-सोडू देणाऱ्या, नळीतून नाहीतर झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अशा वेळी किलोमीटर मोजत बसायचं नाही, ऑईल बदलायचं. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा करडा लगदा चालतो. बोटाला टोचणारे कण निघाले तर काम मोठं आहे.

भरायचं काय? सगळ्यात जास्त घोळ इथंच. या जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मधे छोटा शाफ्ट, आत दातेरी चाकं. हिला गिअर ऑईल. पण साखळीवर चालणाऱ्या पुष्कळ ट्रान्सफर केसना लाल, पातळ एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल लागतं. त्यांत कुणी जाड नव्वद नंबरचं गिअर ऑईल ओतलं, तर थंडीच्या सकाळी आतला पंप ते नीट उचलत नाही. गिअर ऑईल घेतानाही डब्यावर दर्जा जीएल-4 आहे की जीएल-5, हे वाचायचं. काही जीएल-5 ऑईल पितळी भागांना मानवत नाहीत. निकाल गाडीच्या पुस्तकाचा. आधीच्या ऑईलच्या रंगावर जाऊ नका, आधीच्यानं चुकीचं भरलेलं असेल तर?

जाता जाता एक. सुपारीसाठी माहीत असलेल्या आपल्या सिरसीत ट्रान्सफर केस बनवणारा कारखाना आहे. ही पेटी काही परक्या मुलखातली नव्हे.

[ऑईल भोकातून ठिबकतं.]

ओठावर आलं, थांबलं. नवा वॉशर, मग प्लग. मामा विचारतात, ‘याआधी कधी बदललेलं?’ मालक हसतो. गाडी तिसऱ्या हातची. पोरगा पांढऱ्या पेंटनं पेटीवर आजची तारीख आणि ऑईलचा नंबर लिहितो.